पावसाळी सायकल: पेपरच्या लाइनच्या सायकलचं काम, एप्रिल ते ऑक्टोबर २०२५

१३ एप्रिल, रविवार

काम हातात घेतलं. सायकल २२ इंची काळी रोडस्टर, टायर २८ × १½, रॉड ब्रेक, फुल चेनकव्हर, मागे लोखंडी कॅरियर. लाइन, म्हणजे घरोघर पेपर टाकत जायचा रस्ता, नेहमीचीच: दादर स्टेशनबाहेर पेपर उचलायचे, पुरवण्या घालायच्या, खोदादाद सर्कलवरून डॉ. आंबेडकर रोडला लागायचं, हिंदमाता, भोईवाडा, केईएम हॉस्पिटलच्या मागच्या गल्ल्या आणि शेवटी परळ.

ह्या रस्त्यावर पावसाळ्यात हिंदमाता चुकत नाही. जागाच बशीसारखी खोलगट, आजूबाजूचं सगळं पाणी तिथे येतं, आणि समुद्राला मोठी भरती असली की ते पुढे सरकत नाही. पालिकेनं दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली साठवण टाक्या बांधल्या, परळ आणि हिंदमाता उड्डाणपुलांच्या मधला रस्ता उंच करून दोन्ही पूल जोडले. पाणी पूर्वीपेक्षा लवकर उतरतं, हे मी रोज बघतो. पण पेपरवाल्याला पुलावरून जाऊन काय उपयोग? गिऱ्हाईक पुलाखाली राहतं.

आज फक्त टेप लावून मापं घेतली. पायडल सगळ्यात खाली आलं की जमिनीपासून १२ सेंटिमीटर. बीबी, म्हणजे क्रँकचा एक्सल, २९ सेंटिमीटर. चाकाचा एक्सल साधारण साडेपस्तीस. म्हणजे घोट्याच्या जरा वर पाणी आलं की पायडल बुडतं, नडगीच्या मध्यावर आलं की बीबी, आणि गुडघ्याच्या जरा खाली असताना दोन्ही हब, म्हणजे चाकांचे मधले तुंबे, पाण्याखाली. लोकांना वाटतं गुडघाभर पाणी म्हणजे सायकलला काहीच नाही. सायकलचे सगळे छर्रे, म्हणजे बेअरिंगचे गोळे, तोवर आंघोळ करून मोकळे झालेले असतात.

ह्या कामामागचा माझा विचार सरळ आहे. पाणी आत जाणार हे धरूनच चालायचं. जिथे अडवता येईल तिथे अडवू, पण खरं काम दोनच: आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट करणं, आणि प्रत्येक सांधा साध्या पान्यानं घरी उघडता येईल असा ठेवणं.

२० एप्रिल, रविवार

बीबी खोलला. कॉटर, म्हणजे क्रँक एक्सलला अडकवणारी खिळी, तिचे नट काढले, खाली लाकडाचा ठोकळा धरून कॉटर ठोकून बाहेर काढले. डाव्या बाजूची रिंग सोडवून कप फिरवला. आतून आलेलं ग्रीस दुधाळ खाकी, बोटांत चोळलं तर रेती लागते. छर्रे पाव इंची. चकाकी गेलेली, दोनतीन तर एका बाजूनं चपटे. एक्सलवर छर्रे फिरतात तिथे नख अडकेल इतकी खाच. शेलच्या, म्हणजे फ्रेमच्या ज्या नळीत बीबी बसतो तिच्या, तळाशी वाळलेल्या गाळाचा थर, चमच्यानं खरवडला तेव्हा निघाला.

हा गाळ तिथे आला कुठून ते नीट बघितलं. एक्सलच्या फटीतून येतोच. पण दुसरी वाट वरून आहे. सीटचा पाइप सरळ बीबी शेलमध्ये उतरतो. सीट क्लॅम्पच्या मागे फ्रेमला जी चीर असते ती मागच्या चाकाच्या बरोबर समोर. मडगार्डमधून निसटलेलं पाणी तिथे आपटतं, चिरेतून आत शिरतं आणि थेट छर्‍यांवर उतरतं. रस्त्यावर पाणी साचलेलं नसलं तरी नुसत्या ओल्या रस्त्यावर हे चार महिने चालूच असतं.

उपाय तीन केले. चिरेवर जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा, सीट काढून पाइपवरून ओढून घेतला. अर्धा फ्रेमवर, अर्धा सीटच्या पाइपवर. शेलच्या पोटात सगळ्यात खालच्या जागी आधी पंचनं खूण केली आणि ५ मिलिमीटरचं भोक पाडलं. कडेची बारीक धार कानशीनं घासली, उघड्या लोखंडाला रंगाचं बोट लावलं. आणि आत दोन कपांच्या मध्ये प्लास्टिकच्या बाटलीची नळी करून बसवली, म्हणजे वरून जे काही पडेल ते नळीवरून घसरून भोकातून जाईल, छर्‍यांवर येणार नाही.

भोक पाडताना दुकानातले मिस्त्री बघत होते. म्हणाले, "अहो, भोक पाडलंत तर खालून पाणी नाही का शिरणार?"

म्हटलं, "मिस्त्री, शेल पाण्यात बुडला तर ते एक्सलच्या फटीतूनही शिरणारच. निदान बाहेर आलो की निथळेल तरी."

त्यांचं म्हणणं होतं सीलबंद बीबी टाका, बघायलाच नको. रोज ओल्या रस्त्यावर जाणाऱ्याला ते बरोबर आहे. पण सील रबराचं असतं, तासभर गढूळ पाण्यात उभं राहायला ते केलेलं नाही. एकदा आत पाणी गेलं की तेच सील ते बाहेर सोडत नाही, आणि खोलून ग्रीस भरायची सोय नाही. आवाज यायला लागला की अख्खा बदलायचा. माझी सायकल वर्षातून अनेकदा बुडणार आहे. मला कप-छर्‍याचाच बीबी हवा.

नवा एक्सल, नवे कप, नवे सुटे छर्रे. जाळीतले घेतले नाहीत. सुटे घातले की एका बाजूला ११ बसतात, भार जास्त ठिकाणी वाटला जातो. मागे पेपरचे गठ्ठे असताना हे महत्त्वाचं.

२७ एप्रिल, रविवार

ग्रीस. दुकानात मिळणारं पिवळं लिथियम ग्रीस उन्हाळ्यात उत्तम, पण पाण्याशी घोटलं गेलं की दुधाळ होतं आणि पातळ पडतं. बीबीतून निघालं ते तेच. ह्या वेळी भाऊच्या धक्क्याकडे बोटींचं सामान मिळतं तिथून कॅल्शियमचं मरीन ग्रीस आणलं. चिकट आहे, पाण्याखाली जागा सोडत नाही. पायडलला किंचित जड लागतं, तेवढं चालेल. कपात छर्रे लावून वरून इतकं भरलं की एक्सल घातल्यावर कडेनं वळी बाहेर आली. ती वळी पुसायची नाही. गाळ आधी तिला चिकटतो.

दोन्ही हब तसेच केले. आमच्या हबला मधोमध तेल घालायचं भोक असतं, त्यावर पत्र्याची क्लिप. मागच्या हबची क्लिप कधीच पडून गेलेली. म्हणजे हब उघड्या तोंडानं फिरत होता. ट्यूबची गोल रिंग कापून दोन्ही हबवर चढवली.

फ्रेमच्या आतून डबल बॉइल्ड जवसाचं तेल फिरवलं. सीट आणि बीबी काढलेलंच होतं, त्यामुळे सोपं गेलं. थोडं ओतायचं, फ्रेम उलटीपालटी करत सगळ्या पाइपांत फिरवायची, उरलेलं काढून घ्यायचं, मग चारपाच दिवस टांगून ठेवायची. तेल वाळून आतून पातळ कातडीसारखा थर धरतं. साधं मशीन ऑइल पाण्याबरोबर वाहून जातं, हे राहतं. तेलाची चिंधी मात्र गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, चिंधीचा गोळा आपोआप पेटू शकतो. पसरून उन्हात वाळवली.

११ मे, रविवार

चेनकव्हर. बरेच जण पावसाळ्याआधी काढून टाकतात कारण त्यात पाणी साठतं. मी ठेवणार. साचलेल्या पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळ्या, हारांचे दोरे तरंगत असतात, आणि उघड्या चेनमध्ये ते बरोबर मागच्या चाकावरच्या फ्रीव्हीलच्या दातांत जातात. भर पाण्यात चेन अडकली की पाय खाली टेकावाच लागतो, आणि तो कुठे टेकतोय ते दिसत नसतं. म्हणून कव्हर तसंच, फक्त सगळ्यात खालच्या जागी ६ मिलिमीटरची दोन भोकं. चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल, सुई काढलेल्या सिरिंजनं एकेका कडीवर थेंब. उघड्या चेनला एवढं जाड तेल धूळ ओढून घेईल, पण कव्हरमध्ये चालतं.

फ्रीव्हील खोलत बसलो नाही. आतली कुत्री, म्हणजे दातांत अडकणारे खटके, आणि स्प्रिंगा बारीक, हरवल्या की गेल्या. चाक आडवं ठेवून फटीत तेच जाड तेल सोडलं, फिरवत राहिलो, खालून काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत. फ्रीव्हीलमध्ये गाळ गेला तर कुत्री दाबलेलीच राहतात आणि पायडल एकदम पोकळ फिरतं. उभ्यानं जोर लावत असताना असं झालं तर माणूस हँडलवर आपटतो.

ब्रेक. क्रोमच्या लोखंडी रिमवर ओले रबर लागतच नाहीत, हे रोडस्टर चालवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. ड्रम ब्रेकचा विचार केला. पावसात तो छान, पण बुडला तर आत ओल धरून बसतो आणि वाळायला वेळ घेतो. नवे रबर टाकले, रॉडच्या पिना घासून तेल दिलं. बाकी चालवण्याच्या सवयीवर: पाण्यातून बाहेर पडलं की पुढच्या थांब्याच्या बरंच आधी ब्रेक हलके धरून ठेवायचे, रिम दोनतीन फेऱ्यांत पुसली जाते, मग पकडतात.

शेवटचं काम मला सगळ्यात आवडलं. पुढच्या चिमट्यावर (फोर्कवर), जमिनीपासून २९ सेंटिमीटरवर, पिवळ्या रंगाचा पट्टा ओढला. सीटवरून खाली बघितलं की दिसतो. पाणी पट्ट्याला लागलं म्हणजे बीबी बुडला. पट्टा दिसेनासा झाला म्हणजे मागे फिरायचं, मग पुढे कितीही ओळखीचा रस्ता असो.

२६ मे, सोमवार

मान्सून आजच मुंबईत आला. नेहमीची तारीख ११ जून; १९५० पासून इतक्या लवकर कधी आला नव्हता. कुलाब्याला मे महिन्याच्या पावसाचा १९१८ चा विक्रम मोडला. वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशनात पाणी घुसलं. सायकल दोन आठवडे आधी तयार झाली हे नशीब.

पहिल्याच दिवशी खूप शिकायला मिळालं. पायडल बुडेल इतक्या पाण्यात चालवताना वेग कमी पण पाय सतत फिरते हवेत. पाय थांबले की सायकल तिथल्या तिथे उभी राहते आणि मागच्या वजनानं कलते. जोरात मारलं तर पुढचं चाक पाणी उडवून बीबीवरच फेकतं. डायनॅमो निरुपयोगी, ओल्या टायरवर नुसता घसरतो. हँडलला सेलचा एलईडी, झिपच्या पिशवीत.

बसपासून लांब राहायचं, हे सगळ्यात मोलाचं. रस्त्यावर घोटाभर पाणी असलं तरी बेस्टची बस शेजारून गेली की लाट हबच्या वर चढते, आणि ढकलतेही. बस येताना दिसली की मी फुटपाथला न चिकटता जागा धरून उभा राहतो, लाट जाऊ देतो. कडेला पाणी जास्त खोल असतं, रस्त्याचा उतारच तिकडे केलेला असतो.

आणि मॅनहोल. २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात डॉ. दीपक अमरापूरकर एल्फिन्स्टनजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. माझ्या लाइनपासून ती जागा फार लांब नाही. त्यानंतर पालिकेनं बऱ्याच मॅनहोलांना झाकणाखाली जाळ्या बसवल्या. तरी मी पाणी फिरताना दिसलं, भोवरा दिसला, की तिथून चाक नेत नाही. भोवरा दिसत नाही म्हणून जागा सुरक्षित असं मात्र अजिबात नाही. म्हणून कोरड्या दिवसांत लाइनवरच्या मॅनहोलच्या जागा बघून ठेवल्यात, वहीत काढल्यात.

२२ जून, रविवार

पुढचा हब उघडून बघितला. ग्रीस हिरवट होतं तसंच हिरवट, कडेच्या वळीवर काळा गाळ, आत स्वच्छ. पुसून वळी परत भरली. कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारा नट, पाव फेरा घट्ट केला.

बीबीच्या भोकातून मातीचा बारीक ओघळ वाळलेला दिसतो. म्हणजे वाट चालू आहे. भोक तारेनं टोचून मोकळं केलं, हे दर आठवड्याला करावं लागेल. चिखलाचा खडा बसला तर भोक असून नसल्यासारखं.

शेजारच्या दादाचा मुलगा जेवण पोचवायच्या कामाला इलेक्ट्रिक सायकल वापरतो. विचारायला आला, "काका, माझीपण अशी करून द्या ना." मोटरवरचा स्टिकर वाचला: आयपीएक्स४. त्याला समजावलं की हे फक्त शिंतोड्यांपुरतं. पाण्यात बुडवून अर्धा तास टिकायचं तर आयपीएक्स७ लागतं, तेही एक मीटरपर्यंतच. मागचं हब मोटरचं असल्यामुळे त्याच्या सायकलला पाण्याची हद्द पायडलपाशीच संपते. त्याच्या चिमट्यावर १२ सेंटिमीटरवर लाल पट्टा मारून दिला, कंट्रोलरच्या वायरी पाण्याच्या थेंबाची वाट खाली जाईल अशा वळवून बांधल्या. बॅटरी रोज घरी काढून कोरडी करायला सांगितलं. भोकं वगैरे तिथे पाडली नाहीत.

१६ ऑगस्ट, शनिवार

काल स्वातंत्र्यदिनाची छपाईला सुट्टी, म्हणून आज पेपर नाही. रात्रभर धो धो. दहीहंडीचा दिवस, आणि पहाटे विक्रोळीला दरड कोसळून माणसं गेल्याची बातमी. रिकामी सायकल घेऊन पाण्याचा अंदाज घ्यायला निघालो. भार नसताना ती पाण्यात फार हलकी वाटते. मागचं चाक बाजूला सरकतं. गठ्ठे असताना उलट जास्त ठाम असते. पट्टा बुडायच्या आधी मागे वळलो.

परत आल्यावरचं काम लिहून ठेवतो, कारण सायकल ह्यानंच टिकते. नळाच्या पाण्यानं मगानं धुवायची, वरून खाली. सर्व्हिस सेंटरचा प्रेशरचा फवारा अजिबात नको, तो गाळ फटींच्या आत दाबून बसवतो. मग पुढचं चाक वर उचलून सायकल उभी धरायची, बीबीच्या भोकातून धार येते ती थांबेपर्यंत. जमिनीवर दोनदा आपटायची. रिम, तारांची निपलं (तारा रिमला धरून ठेवणाऱ्या टोप्या), चेन फडक्यानं पुसायची. सिरिंजनं चेनला तेल, निपलांना एकेक थेंब. ही सगळी कामं त्याच दिवशी. गाळ ओला असेपर्यंत सुटतो, वाळला की चुन्यासारखा धरतो.

पायांचंही तेच. साबणानं धुवायचे. पायाला चीर किंवा जखम असली तर त्या दिवशी पाण्यात जायचंच नाही. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू तिथूनच शिरतो. गेलोच तर ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टर सांगतील तशी डॉक्सिसायक्लिन घ्यायची. गमबूट मी घालत नाही. पाणी वरून आत शिरलं की एकेक बूट दगड होतो. मागे पट्टा असलेल्या प्लास्टिकच्या सँडल बऱ्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार

रेड अलर्ट, शाळांना सुट्टी. पेपर आले, ताडपत्रीत दोनदा गुंडाळून बांधले. हिंदमाताच्या अलीकडे पाणी पट्ट्याला लागलं. पुढच्या दहावीस पावलांत पट्टा गेला. थांबलो. पाणी उभं नव्हतं, ओढत होतं, आणि रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीचा पाया बुडालेला. पूल धरून परळच्या बाजूला उतरलो, तिकडच्या गल्ल्यांत जिथे कोरडं होतं तिथे पेपर टाकले. भोईवाड्यातल्या काही इमारती राहिल्या. तिथल्या आजींना फोन केला, त्या म्हणाल्या, "बाळा, पेपर उद्या वाचेन. तू घरी जा."

दुपारपर्यंत शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी, हार्बर बंद. मिठी नदी ३.९ मीटरवर गेली, कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधून लोकांना हलवलं. संध्याकाळी मोनोरेल मैसूर कॉलनीजवळ अडकली, माणसं शिडीनं उतरवली.

आमच्या लाइनीतले एक अण्णा त्या पाण्यातून तसेच गेले. गेले ते बरोबर पोचले, पण त्यांची सायकल संध्याकाळी पायडल मारताना कराकरा वाजत होती.

२४ ऑगस्ट, रविवार

दोन्ही सायकली शेजारी ठेवून बीबी उघडले.

अण्णांचा: कप काढताच चहाच्या पेल्याएवढं पाणी बाहेर आलं. पाच दिवस आतच होतं. छर्‍यांवर तांबूस गंज, एक्सल गेलेला. फ्रेमला भोक नाही, पाणी जाणार कुठे.

माझा: उजव्या कपात ग्रीस किंचित फिकट, डाव्यात जसंच्या तसं. नळीवर गाळाची रेघ, ती थेट भोकाकडे गेलेली. छर्रे पुसले तर चकाकी आहे. तरी सगळे बदलले. छर्रे स्वस्त, एक्सल महाग. मागच्या हबच्या डाव्या कोनावर बारीक ठिपके दिसले, तो उतरवून नवा घातला.

अण्णा बराच वेळ ते दोन एक्सल हातात घेऊन बघत होते. मग म्हणाले, "ते भोक माझ्यापण सायकलला पाड."

५ ऑक्टोबर, रविवार

पाऊस ओसरला, पूर्ण ओव्हरहॉलिंग. फ्रीव्हील कुरकुरतंय, ते बदलायचं. चेन ताणून मापली, एक कडीही लांबलेली नाही. पुढच्या रिमला निपलांपाशी गंज सुरू झालाय. पुढच्या वर्षी स्टेनलेस तारा आणि पितळी निपल. चिरेवरचं रबर उन्हानं तडकलं, नवं चढवलं. फ्रेममध्ये टॉर्च मारून बघितलं: जवसाचा थर पिवळसर, अखंड, फक्त बीबीच्या भोकाच्या कडेला लाल झालंय. तिथे परत रंग.

मरीन ग्रीसचा अर्धा डबा शिल्लक आहे. अण्णांची सायकल पुढच्या रविवारी घेतो, त्यानंतर स्टेशनबाहेर पुरवण्या घालणाऱ्या दोन पोरांच्या. त्यांच्या फ्रेमला चीर पुढच्या बाजूला आहे, त्यामुळे रबर वेगळं कापावं लागेल. ड्रिलचं ५ चं बिट बोथट झालंय, नवं आणायचं.